नावांचे फ्यूज

पाणी पिऊन झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, हा बेन्त्सिलांच्या घरातला नियम वडील गेले तरी गेला नव्हता. त्यामुळे टेमाहून तीन तास गाडी हाकत आलेला कोजो दारातूनच "ताई, हे बघ, मी काय म्हणतो..." असं सुरू झाला, तेव्हा अराबाने नुसत्या हाताने त्याला खुर्ची दाखवली. बत्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईचा हात होता तो. बासष्ट वर्षांचा कोजो मुकाट्याने बसला.

मान्सा थाळीत पाण्याचे पेले घेऊन आली. धाकटा फीफी केप कोस्टहून सकाळीच येऊन बसला होता. त्याने पेला घेताना तिला "कशी आहेस?" विचारलं. कोजोने पेला घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. अराबाच्या ते लक्षात आलं आणि तिने स्वतःही मान खाली घातली. कारण बुधवारी फोनवर कोजो जे बोलला होता त्याला तिने "बघू" म्हटलं होतं, आणि या घरात "बघू" म्हणजे अर्धं "हो" असतं. मान्साला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

"आता बोल," अराबा म्हणाली.

"घर जळता जळता वाचलं, यावर काय बोलायचं?"

"जळलं नाही ना? मग दमाने बोल."

झालं होतं ते असं. गेल्या रविवारी अराबा चर्चला गेलेली असताना दिवाणखान्यातल्या प्लगमधून धूर निघाला. मान्सा अंगणात पाम तेलाचं कालवण ढवळत होती. तिने धावत येऊन फुफू कुटायच्या लाकडी मुसळाच्या टोकाने मेन स्विच बंद केला आणि भिंतीवर बादलीभर वाळू मारली. अराबा घरी आली तेव्हा भिंत काळी होती, जमिनीवर वाळू होती आणि कालवण मात्र उतरवून झाकून ठेवलेलं होतं. मान्साचं सगळं असंच. घर पेटलं तरी कालवण करपणार नाही.

बोळात मेन्सा वायरमन स्टुलावर चढून बोर्ड उघडत होता. गावातला तोच एक वायरमन असा, की जो जुनी वायरिंग बघून नाक मुरडायचा नाही. लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे सहा फ्यूज, वर तीन आणि खाली तीन. प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगाने बारीक ब्रशने लिहिलेली अक्षरं.

"मोठ्या बाई," मेन्साने हाक मारली, "हे काय हो? लोक लिहितात स्वयंपाकघर, हॉल, खोली नंबर एक. इथे तर अख्खं कुटुंब लिहून ठेवलंय."

"मास्टरची पद्धत," अराबा म्हणाली. वडिलांना घरात सगळे मास्टरच म्हणत, त्यांची मुलंसुद्धा. सॉल्टपॉन्डमधल्या निम्म्या घरांत पहिला दिवा त्यांच्या हातचा लागला होता. "ते म्हणायचे, खोल्या बदलतात, माणसं बदलत नाहीत."

"खोल्या बदलल्यात का?"

"खूपदा."

"मग झालं कल्याण," मेन्सा म्हणाला. त्याने 'कोजो' लिहिलेला फ्यूज काढला. "बघा, कुठे अंधार पडला?"

कोजो उठून ऐटीत आपल्या खोलीत गेला. दिवा लागलेलाच होता. "इथे तर आहे!"

"आहे कसा? तुमचा फ्यूज माझ्या हातात आहे."

मग सगळे घरभर बटणं दाबत फिरू लागले. कोजो म्हणे, आपली खोली ही समोरचीच. फीफी म्हणे, छे, ती तर माझी, तू पौर्णिमेच्या भरतीला घाबरून मागच्या बाजूला झोपायचास. कोजो म्हणाला, भरतीला मी नव्हे, तू घाबरायचास, आणि अंथरूण कोण ओलं करायचं ते इथे सांगू का? दोन केस पिकलेले भाऊ बोळात उभे राहून पन्नास वर्षांपूर्वीच्या अंथरुणावरून भांडत होते आणि मेन्सा फ्यूज हातात घेऊन वाट बघत होता.

"कोठीची खोली," अंगणातून मान्साचा आवाज आला. तिने हातातलं पाखडायचं सूपसुद्धा खाली ठेवलं नव्हतं. "कोजोदादाचा फ्यूज म्हणजे कोठीची खोली. तिथे आधी त्याची खाट होती. फीफीचा काढला तर ताईचा पंखा बंद पडेल. समोरची खोली ताईच्या फ्यूजवर. 'आई' म्हणजे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना."

मेन्साने एकेक करून पाहिलं. तंतोतंत.

"आणि एफुआ?"

"घरापुढच्या ओट्यावरचा दिवा," या वेळी अराबाच म्हणाली.

एफुआ तिच्या पाठची बहीण. सहा वर्षांची असताना तापाने गेली, तेव्हा या घरात वीजही आली नव्हती. पुढे मास्टरने वायरिंग केली तेव्हा त्यांनी तिच्या नावाचा फ्यूज घातला आणि तो ओट्यावरच्या दिव्याला दिला. आई रोज तिन्हीसांजेला तो दिवा लावायची. आई गेल्यापासून मान्सा लावते. अराबा स्वतः या घरात परत राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, पण तो दिवा लावणं आपलं काम आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज ते आठवून तिला जरा लाजल्यासारखं झालं.

"राहिली मान्सा," मेन्सा म्हणाला. "ही तुमची मागची खोली, होय ना?" आणि अंगणाकडे तोंड करून ओरडला, "ओ मान्साबाई, तुम्ही मान्सा, मी मेन्सा! तुम्ही तिसरी पोरगी, मी तिसरा पोरगा. आईबापांना तिसऱ्यापर्यंत नावाचा कंटाळा येतो. नुसतं मोजतात नि सोडून देतात!"

मान्सा हसली. "तिसऱ्याला काम जास्त नि मटण कमी."

"अगदी बरोबर!"

सगळे हसले. अराबाही हसली. तेवढ्यात मेन्साने 'आई' लिहिलेला फ्यूज उजेडात धरला आणि त्याचं हसू मावळलं. बारीक तार असायला हवी तिथे जाड तांब्याची तार पिळून बसवलेली होती.

"हे कुणी केलं? ही तार जन्मात वितळणार नाही. फ्यूज जळायचा तो जळला नाही, म्हणून भिंत जळली."

"विचारा मान्सालाच," कोजो म्हणाला. "या घरात फ्यूजला हात कोण लावतं? मास्टरने लाडाने शिकवून ठेवलंय ना."

अराबाच्या मनात जुनी कळ उठली. खरंच होतं ते. लहानपणी तिने एकदा पक्कड मागितली होती, तर मास्टर म्हणाले होते, तू पुस्तक वाच. आणि मग कुठल्याशा मच्छीमारांच्या गावात चर्चची वायरिंग करायला गेले आणि येताना वायरचं उरलेलं भेंडोळं नि आठ वर्षांची पोर घेऊन आले. तिची आई तापाने मेली होती, सांभाळणारं कुणी नव्हतं. गावाने काय बोलायचं ते बोलून घेतलं. अराबाच्या आईने पोरीला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं आणि गाव गप्प झालं. त्या पोरीच्या हातात मात्र मास्टरने पक्कड दिली. पुस्तक वाचून अराबा हेडबाई झाली, पण त्या पकडीचा राग तिच्या मनातून कधी गेला नव्हता.

मान्सा सूप घेऊन बोळाच्या तोंडाशी आली होती. तिने ती तार पाहिली आणि सूप दुसऱ्या हातात घेतलं.

"बोल ना," कोजो म्हणाला.

"ती तार मी घातलेली नाही, दादा."

"मग काय मास्टर येऊन घालून गेले?"

"कोजो," फीफीने घसा साफ केला. फीफी आयुष्यात मोठ्या भावापुढे बोलला नव्हता, त्यामुळे सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "ईस्टरला तू तुझा मोठा फ्रीजर आणला होतास. फ्यूज सारखा उडत होता. ही प्रार्थनेला गेली होती. तू मला टॉर्च धरायला लावलीस."

कोजोने मेन्साच्या हातातला फ्यूज घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"मासे खराब होत होते," अखेर कोजो म्हणाला.

"टॉर्च धरली ही माझी चूक," फीफी म्हणाला, "पण चूक दोघांची. तिची नाही."

"तुला माहीत होतं?" अराबाने मान्साला विचारलं.

"नंतर पाहिलं. काढायला गेले तर दादा म्हणाला, हात लावू नकोस, तुला काय कळतं." तिने सूप काखेत धरलं. "केंकी झालीय. मासे गरम आहेत तोवर जेवून घ्या."

जेवणं अंगणात झाली. मेन्सालाही बसवलं. आंबवलेल्या मक्याची केंकी, तळलेले मासे, वाटलेली मिरची. जेवताना मेन्साने सांगायचं ते सांगितलं. वायरवरच्या रबराचा भुगा झालाय, बोट लावलं तरी गळतो. खाऱ्या हवेने जोड हिरवे पडलेत. अर्थिंग कधी काळी होतं, आता नाही. सगळं उपसून नवं घालायला हवं, आणि सर्वांत वाईट म्हणजे मागच्या खोलीला पत्र्यावरून गेलेली वायर. एका पावसात तिथला पत्रा झटके देऊ लागेल.

कोजोने हात धुतले. ईस्टरच्या फ्रीजरने त्याचा आवाज खाली आला होता, पण बेत बदलला नव्हता.

"मी वाकडं बोलत नाहीय," तो म्हणाला. "मान्सा, तूही बस. तुझ्यासमोरच बोलतो. पुढचं घर आपण नवं करू. मागच्या खोलीच्या भिंती मातीच्या, पत्रा गंजलेला, वायर अशी. ती खोली पाडावी, तिथे पाण्याची टाकी बसवावी. माझी मुलगी पुढल्या वर्षी इकडे यायचं म्हणतेय, तिला जागा लागेल. आणि तू किती दिवस इथे राबणार? पंचावन्न वर्षांची झालीस. आपल्या माणसांत जा. मी काही तुला उघड्यावर टाकत नाहीय, पाठवीन व्यवस्थित."

"कागदात काय लिहिलंय?" फीफी हळूच म्हणाला.

"तेच सांगतोय. मास्टरचा कागद माझ्याकडे आहे. 'हे घर माझ्या मुलांचं. विकू नये, वाटू नये, राहावं.' माझ्या मुलांचं. आपण तिघं उरलोय. ताईशी मी बोललोय, ती बघू म्हणालीय."

मान्साने अराबाकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात ओळखीच्या बाईने माप कमी दिलं तर बघावं, तसं. अराबाला पाण्याचा पेला उचलायचा होता, पण तिने उचलला नाही.

"ठीक आहे, दादा," मान्सा म्हणाली. "कोंबड्यांचं काय करायचं ते बघायला हवं. पिल्लं लहान आहेत. आणि ओट्यावरच्या दिव्याचं बटण सैल झालंय, ते उजवीकडे दाबून धरावं लागतं. कुणाला तरी दाखवून ठेवते."

"तू लगेच निघ असं नाही गं," कोजो गडबडला. भांडण होईल या तयारीने तो आला होता, आणि समोरून कोंबड्या नि बटण आलं. "तिकडे तुझे असतीलच की सगळे. दोन थोरल्या बहिणी तरी असणारच, तिसरी ना तू?"

"नाही, दादा. मी आईची एकुलती एक."

"एकुलती?"

"हो. मी झाले आणि बाप बुडाला. मग आई गेली."

मेन्साने माशाचा काटा काढता काढता मान वर केली. "एकुलती एक आणि मान्सा? हे कसं काय? एकुलत्या पोरीला तिसरी कोण म्हणतं?"

"तिथे मला एकुआ म्हणायचे. बुधवारी जन्मलेली म्हणून. मान्सा हे इथलं नाव."

"इथे कुणी ठेवलं?" अराबाने विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"मास्टरने. मी आल्यावर चौथ्या दिवशी. मी स्वयंपाकघरात अंधारात झोपायला घाबरायचे. तर म्हणाले, तुझी वेगळी वायर ओढू. मला टॉर्च धरायला लावली. मग रंगाचा डबा उघडला आणि विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, एकुआ. ते बोर्डाकडे बघत बसले. मग म्हणाले, एकुआ तुझ्या आईची. इथे तू मान्सा. आणि लिहिलं."

अराबा उठली. बोर्ड आता बोळातल्या भिंतीवर नव्हता, मेन्साने तो काढून ओट्यावर टेकवून ठेवला होता. तिने अंगावरच्या कापडाच्या टोकाने त्यावरची कित्येक वर्षांची धूळ पुसली. खालच्या ओळीत आई, कोजो, फीफी. वरच्या ओळीत डावीकडून अराबा. मग एफुआ. मग मान्सा.

पहिली, दुसरी, तिसरी. पाढे शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला तीनपर्यंत मोजता आलं नव्हतं. एफुआ गेली त्यामुळे घरात मुलगी म्हणून ती एकटीच वाढली, आणि एकटीच्या घरात दुसरी-तिसरी मोजायची सवय कुणाला असणार? मास्टरने मात्र मोजणी सोडली नव्हती. गेलेलीला धरून मोजलं होतं, आणि आलेलीला तिच्यानंतर घातलं होतं, तिच्या जागी नाही. अराबाचे डोळे भरून आले. ते लपवावेत असं तिला वाटलं नाही.

तिच्या मागे कोजो, फीफी आणि मेन्सा येऊन उभे राहिले होते.

"चेष्टेत लिहिलं असेल," कोजो म्हणाला, पण अगदी बारीक आवाजात.

"मास्टर?" फीफी म्हणाला. "फ्यूजवर? अरे, त्या माणसाने आपल्या लग्नातसुद्धा चेष्टा केली नाही."

"नाव वेगळं आणि कागद वेगळा, फीफी. उद्या लोक म्हणतील..."

"कोजो," अराबा म्हणाली, "तुझा कागद सांगतो, घर मुलांचं. मुलं कोण, ते त्यात लिहिलंय का?"

"नाही. लिहायची गरज काय?"

"गरज नव्हतीच. आधीच लिहून ठेवलं होतं. इथे." तिने बोर्डावर बोट ठेवलं. "अक्षर त्याच हाताचं आहे ना? बघ. तुझ्या नावाचं वळण नि हिच्या नावाचं वळण."

कोजो वाकला. त्याने चष्मा वर सरकवला, मग खाली घेतला. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, इतका की फीफीला वाटलं त्याची कंबर धरली. मग सरळ होऊन त्याने मेन्साला विचारलं, "मागच्या खोलीपर्यंत जमिनीखालून वायर नेता येईल? पत्र्यावरून नको."

"पाइप टाकून येईल की. चर खणावा लागेल."

"खणू. आणि भिंती?"

"मी वायरमन आहे, गवंडी नाही."

"ते कळतं मला," कोजो खेकसला. त्याला खेकसायला कुणीतरी हवंच होतं. "टाकी दुसरीकडे बसवू. आणि तिच्या खोलीत दोन दिवे घाल. एकाने काय दिसतं?"

तो तरातरा अंगणाच्या टोकाला जाऊन चर कुठून जाईल ते पावलांनी मोजायला लागला. फीफी त्याच्या मागून गेला, आणि दोघांत डावीकडून की उजवीकडून यावर लगेच जुंपली.

मेन्साने नव्या बोर्डाची पेटी उघडली. बटणांच्या खाली कागदाची पांढरी पट्टी होती. "मोठ्या बाई, आता तरी हॉल, किचन असं लिहू ना? पुढच्या वायरमनच्या पोटावर पाय नका देऊ."

"नावं लिहा," अराबा म्हणाली. "होती त्याच क्रमाने."

मान्सा जेवणाची भांडी गोळा करत होती. अराबा तिच्याजवळ गेली आणि तिच्या हातातली थाळी काढून घेतली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"तुला माहीत होतं?"

"काय, ताई?"

"तिसरी म्हणजे कुणाची तिसरी, ते."

"मला मोजता येतं की," मान्सा म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आज तर हा तुला घालवायला निघाला होता. मी त्याला बघू म्हणाले होते. तू गप्प बसून कोंबड्यांचं बोलत होतीस!"

मान्सा जरा गोंधळली. काय चुकलं ते शोधावं तशी तिने अराबाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी कशाला बोलायचं?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे रोज हाक मारत होतात की मला. दिवसातून दहा वेळा. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे."

अंगणाच्या टोकाला कोजोचा आवाज चढला होता, पाठोपाठ फीफीचाही. थाळी हातात तशीच धरून तिने समोर उभ्या असलेल्या बाईला हाक मारली, "मान्सा." सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मोजून.